कानांची पहिली तपासणी घरच्या फोनवर



या व्याख्यानमालेत आजवर इतिहास, पाणी, शेती, साहित्य असे विषय झाले. मी आज कानांवर बोलणार आहे. त्यातही, मोबाइलवरच्या ॲपने घरच्या घरी आपले कान कसे तपासावेत, त्या तपासणीवर कुठवर विसंबावं आणि कुठे विसंबू नये, एवढ्यावरच. आपल्या नांदेड-लातूर भागात व्याख्यान कुठलंही असो, पुढच्या दोन रांगा आधी भरतात. तिथली ज्येष्ठ मंडळी एक कान वक्त्याकडे करून बसतात आणि कार्यक्रम संपला की शेजाऱ्याला विचारतात, ‘शेवटी काय म्हणाले हो?’ यातल्या बऱ्याच जणांच्या घरी रक्तदाब मोजायचं यंत्र असतं, साखर तपासायच्या पट्ट्या असतात, चष्म्याचा नंबर वेळच्या वेळी बदललेला असतो. कान मात्र जन्मात एकदाही तपासलेले नसतात.

कानतपासणी हाच माझा व्यवसाय. त्यामुळे ‘ॲप कशाला, सरळ आमच्याकडे या’ असं मी म्हणेन, अशी काहींची अपेक्षा असेल. मी तसं म्हणणार नाही. ऐकायला कमी येतंय हे पहिल्यांदा जाणवल्यापासून तपासणीच्या खोलीत पाऊल टाकेपर्यंत माणूस वर्षंच्या वर्षं घालवतो. ती वर्षं वाचवायची ताकद फोनवरच्या चाचणीत आहे, म्हणून ती जरूर करावी. मात्र तिला एकच प्रश्न विचारावा: मला दवाखान्यात जायला हवं का? त्यापुढचं काही विचारलं की तिचं उत्तर फसवं ठरू लागतं. आपल्या मराठवाड्यात तर ते जास्तच फसवं ठरू शकतं. का, ते पुढे सांगते.

मार्च २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रवणाविषयीचा जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक प्रमाणात ऐकायला त्रास आहे आणि २०५०पर्यंत ही संख्या अडीचशे कोटींच्या जवळ, म्हणजे चौघांमागे एक अशी होईल, असं त्यात म्हटलं आहे. भारतात लक्षणीय श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ६ कोटी ३० लाख धरली जाते. हे आकडे ऐकून आपण मान डोलावतो आणि विसरतो, कारण घरात ते या रूपात दिसत नाहीत. घरात टीव्हीचा आवाज थोडा थोडा वाढत जातो. फोन आला की आजोबा तो नातवाच्या हातात देतात. सासूबाई स्वयंपाकघरात समोर बसून सगळं नीट ऐकतात, पण मिक्सर चालू असताना पाठीमागून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘यांना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं.’ हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलं आहे की त्याविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते अन्यायाचं आहे. समोरासमोर, शांत जागी, ओठ दिसत असताना ऐकू येणं आणि गोंगाटात, पाठमोऱ्या माणसाचं न येणं, ही वयोमानाने कान कमी होत असल्याची अगदी ठरलेली खूण आहे. त्यात लबाडी नसते.

असं होण्याचं कारण कानाच्या रचनेत आहे. अंतर्कर्णातल्या शंखाकृती नळीत केसासारखे तंतू असलेल्या सूक्ष्म पेशी असतात. वयाने, गोंगाटाने, काही औषधांनी त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. सगळ्यात आधी जातात त्या उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, ते शाबूत राहतात. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘त’, ‘ठ’ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत आणि मुळातच हळू असतात, ती गळतात. म्हणून रुग्ण सांगतो, ‘आवाज येतो हो, पण शब्द कळत नाही.’ तो अगदी अचूक सांगत असतो. शांततेत मेंदू गळलेली अक्षरं अंदाजाने भरून काढतो. लग्नाच्या मांडवात, पंगतीत, बसस्टँडवर तो अंदाज पुरत नाही.

आता फोनकडे येऊ. ॲप म्हणून जे मिळतं त्यात दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला प्रकार टूं-टूं आवाजाचा. वेगवेगळ्या पट्टीचे स्वर ऐकवले जातात, ऐकू आला की बोट लावायचं, शेवटी डेसिबलचा आलेख तयार. दिसायला तो हुबेहूब आमच्या ऑडिओमेट्रीसारखा, म्हणजे यंत्रावरच्या श्रवणमापनासारखा असतो. दुसरा प्रकार गोंगाटातल्या आकड्यांचा. खरखराटाच्या पार्श्वभूमीवर तीन आकडे उच्चारले जातात आणि ते फोनच्या कीपॅडवर दाबायचे. तिन्ही बरोबर आले की पुढच्या वेळी आकडे गोंगाटाच्या मानाने थोडे हळू होतात, चुकले की थोडे मोठे. असं वर-खाली होत होत, किती गोंगाटात तुम्हाला निम्मे वेळा बरोबर ऐकू येतं, तो टप्पा सापडतो. दोन-चार मिनिटांचं काम.

यातला पहिला प्रकार जास्त शास्त्रीय वाटतो, पण घरी विश्वास ठेवावा तो दुसऱ्यावर. डेसिबल मोजायचा तर कानात नेमका किती आवाज पोहोचला हे यंत्राला माहीत असावं लागतं. आमच्या ऑडिओमीटरला ठरावीक हेडफोन जोडलेले असतात आणि त्यांचं कॅलिब्रेशन वेळोवेळी करून घ्यावं लागतं. श्रवणाच्या मोजणीत शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज म्हणजे शून्य. हे शून्य तुमच्या फोनला कुणी शिकवलं? एका कंपनीचा फोन, नांदेडच्या वजिराबादमधल्या दुकानातून घेतलेला शंभर-दीडशेचा इअरफोन, कानात तो नीट बसला की सैल, सगळंच अनिश्चित. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२४मध्ये ॲपलच्या एअरपॉड्स प्रोवर चालणाऱ्या श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरला परवानगी दिली. ही बातमी वाचून बरेच जण मला विचारतात, मग आमच्या फोनवर ही डेसिबलची चाचणी का नाही चालणार? तिथे फोन आणि कानातलं दोन्ही एकाच कंपनीचं आहे. किती आवाज बाहेर पडतो हे त्यांना ठाऊक असतं. बाकीच्या हजारो फोन-इअरफोनच्या जोड्यांना हे लागू होत नाही.

आकड्यांच्या चाचणीला ही अडचण फारशी येत नाही. तिथे मोजलं जातं ते आकड्यांचं गोंगाटाशी असलेलं प्रमाण. फोनने आवाज मोठा केला तर दोन्ही सारखेच मोठे होतात, प्रमाण तेच राहतं. शिवाय माणूस तक्रार जी घेऊन येतो, की गोंगाटात शब्द कळत नाही, तिचीच ही सरळ परीक्षा आहे. ही कल्पना आजची नाही. १९२०च्या दशकात अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या हार्वे फ्लेचर यांनी ग्रामोफोनवर चालणारा एक ऑडिओमीटर बनवला होता. तबकडीवर आकडे उच्चारलेले, क्रमाक्रमाने हळू होत जाणारे. चाळीसपर्यंत शाळकरी मुलं एकाच वेळी कानाला रिसीव्हर लावून ते कागदावर लिहीत. गोंगाटातल्या तीन आकड्यांची टेलिफोनवरची चाचणी नेदरलँड्समध्ये कास स्मिट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली, तिचा शोधनिबंध २००४चा. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ती स्मार्टफोनवर आणली, २०१६मध्ये ती तिथली राष्ट्रीय श्रवणचाचणी झाली. त्याच धर्तीवर जागतिक आरोग्य संघटनेने ३ मार्च २०१९ला, जागतिक श्रवण दिनी, ‘हिअर-डब्ल्यूएचओ’ हे मोफत ॲप काढलं. ॲप निवडायचं तर ज्यामागे असं काम उभं आहे, ते निवडावं. ‘तुमच्या कानाचं वय’ सांगून शेवटी कुठल्यातरी मशीनची जाहिरात दाखवणाऱ्या ॲपच्या नादी लागू नये.

चाकूर तालुक्यातल्या एका घरात ही चाचणी कशी झाली ते सांगते. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. वर्षानुवर्षं इंजिनाच्या घरघरीत तिकिटं फाडलेली. ‘मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता,’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. सुनेने पहाटे पंखा बंद केला, खिडकी लावली, वायरचा इअरफोन त्यांच्या कानात नीट बसवला आणि फोन हातात दिला. आकडे इंग्रजीतले. तिकिटांच्या हिशोबात आयुष्य गेलेल्या माणसाला आकड्यांची काय भीती! सुरुवात झोकात झाली. मग गोंगाट वाढला तसं ‘फाईव्ह’ ऐकलं की ते नऊ दाबायला लागले आणि ‘नाईन’ला पाच. दोन्हींत मधला स्वर एकच. दोन्हींना वेगळं करणारी व्यंजनं त्यांच्या कानापर्यंत पोहोचत नव्हती. शेवटी पडद्यावर आलं की तपासून घ्या. ‘इंग्रजी आहे म्हणून चुकलं,’ मामंजी म्हणाले. सून बारावी झालेली, इंग्रजी तिचंही बेताचंच. तिने काही न बोलता त्याच फोनवर, तोच इअरफोन पुसून, तिथेच बसून तीच चाचणी दिली आणि पास झाली. मामंजी थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘कधी जायचं लातूरला?’ आमच्या खोलीत आलेख निघाला तो एक हजार हर्ट्झपर्यंत, म्हणजे खालच्या पट्टीत, जवळपास ठीक आणि तिथून उतरत उंच पट्टीत, चार हजारांला, साठ डेसिबलवर.

या सुनेने जे केलं त्याला आमच्या व्यवसायात नाव आहे. रोज सकाळी यंत्र सुरू करताना आम्ही आपल्याच कानांवर ते एकदा तपासून पाहतो, त्याला जैविक कॅलिब्रेशन म्हणतात. घरात एखादा तरुण, धडधाकट कान असतोच. त्याच फोनवर, त्याच इअरफोनने, त्याच खोलीत आधी त्याची चाचणी करा. तो पास झाला आणि तुम्ही नापास झालात, तर दोष फोनचा नाही; इंग्रजी आकडे दोघांना सारखेच येत असतील तर भाषेचाही नाही. दोघेही नापास झाले तर खोली किंवा इअरफोन बदला. म्हणून माझा आग्रह असा की ही चाचणी एकट्याने, गुपचूप करू नये. घरातल्या दोघांनी मिळून करावी.

खोलीविषयी थोडं. आमची तपासणीची खोली आवाजबंद असते, आणि घरातला साधा छताचा पंखासुद्धा खालच्या पट्टीचे स्वर झाकून टाकतो. मे महिन्यात नांदेड-लातूरला पंखा बंद करून बसा म्हणणं कठीण आहे, म्हणून पहाटे करा. कूलर नको, टीव्ही नको, शेजारी पाण्याची मोटर चालू नको. गोंगाट कमी करणारे महागडे ब्लूटूथ इअरबड्स असतील तर ती सोय बंद करा. डावा-उजवा नीट बघून घाला. आवाज आधी सोयीच्या पातळीवर ठेवा आणि मध्येच बदलू नका.

आता मघाशी म्हटलं ते, मराठवाड्यात ही चाचणी जास्त का फसवू शकते. ही सोयीच्या पातळीवर आवाज ठेवायची मुभा आपल्या भागात घातक ठरू शकते. कान कमी होण्याचे ढोबळ प्रकार दोन. एकात अंतर्कर्ण किंवा त्याची नस कमजोर झालेली असते. नुसता आवाज वाढवून शब्द पुरेसे स्पष्ट होत नाहीत. दुसऱ्यात आवाज आतपर्यंत पोहोचवणारी वाट बिघडलेली असते: कानात मळ दाटलेला, पडद्याला भोक, पडद्यामागे पाणी, कानातली छोटी हाडं झिजलेली. या दुसऱ्या प्रकारात आवाज पुरेसा वाढवला की शब्द अगदी स्वच्छ ऐकू येतात. म्हणजे कान फुटलेला माणूस फोनचा आवाज वाढवून आकड्यांच्या चाचणीत आरामात पास होऊ शकतो! आणि फुटका, वाहता कान हा तर आपल्या खेड्यांतला नेहमीचा आजार. लहानपणी सर्दीतून सुरू झालेला, ‘वाहतो अधूनमधून, पावसाळ्यात जरा जास्त’ म्हणून सोडून दिलेला. त्यात लसणाचं तेल कढवून घालायचं, काडेपेटीच्या काडीने कोरायचं, किल्लीने खाजवायचं. वाहत्या कानात तेल घातलं की बुरशीला आयतं घर मिळतं. आणि काही वाहत्या कानांच्या आत पडद्यामागे हाड कुरतडणारी गाठ वाढत असते. तो संसर्ग मेंदूपर्यंत जाऊ शकतो. असा कान फोनवर तपासायचाच नसतो. कानातून पाणी, पू, रक्त आलं, दुखलं, एकाच कानाने कमी ऐकू येऊ लागलं, गरगरलं, तर ॲप डाउनलोड करण्यात वेळ घालवू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. तिथे दुर्बिणीतून पडदा बघितला जातो, आणि तो बघायची सोय कुठल्याही आवाजाच्या ॲपमध्ये नाही.

आवाज वाढवून पास होता येण्याच्या या त्रुटीवर संशोधकांनी २०२०च्या सुमारास एक सुंदर तोड काढली. आकडे दोन्ही कानांत एकाच वेळी, पण एका कानात ध्वनिलहर उलटी करून सोडायची. गोंगाट मात्र दोन्हींकडे सारखाच. दोन्ही कान निरोगी असतील तर मेंदू हा फरक ओळखून आकडे गोंगाटातून वेगळे काढतो. एक कान जरी कमी असला, किंवा वाट बिघडलेली असली, की हा फायदा जातो आणि चाचणीत ते दिसतं. अशी चाचणी असलेलं ॲप मिळालं तर तेच घ्यावं. तरी वाहत्या कानाचा नियम बदलत नाही.

आणखी एका प्रसंगी फोन अजिबात हातात घेऊ नये. सकाळी उठल्यावर एक कान एकाएकी बंद झाल्यासारखा वाटतो, आत शिटी वाजते. माणसाला वाटतं मळ असेल, पाणी गेलं असेल, दोन दिवसांत सुटेल. रोज ॲपवर बघत बसतो, आज थोडं बरं आहे का. अचानक येणारा हा बहिरेपणा नसेचा असू शकतो. त्याची व्याख्याच मुळी ७२ तासांच्या आत उद्भवणारा अशी आहे आणि स्टिरॉइडचा उपचार जितक्या लवकर सुरू होईल तितकी कान परतण्याची आशा जास्त. पहिले दोन आठवडे फार मोलाचे. किनवट-माहूरहून नांदेडला यायला अख्खा दिवस मोडतो, हे मला माहीत आहे. या आजारासाठी तो मोडावा.

लहान मुलांचा विषय तर पूर्ण वेगळा. आकड्यांची चाचणी मोठ्यांसाठी आहे. पाठीमागे थाळी वाजवून बाळ दचकतं का बघणं, ही आपल्याकडची जुनी रीत; थाळीच्या हादऱ्याने, हलत्या सावलीनेही बाळ वळतं आणि घरचे निर्धास्त होतात. जगभर मान्य झालेला दंडक असा की बाळाच्या कानांची पहिली तपासणी एक महिन्याच्या आत व्हावी, दोष असेल तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत. कारण भाषा शिकायचं मेंदूचं वय थांबून राहत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ला आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. जन्मजात बहिरेपणा त्याच्या यादीत आहे आणि त्याची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा येतात. पथक आलं की आईने तोंड उघडून विचारावं. आणि मराठवाड्यात बोलते आहे म्हणून हेही बोलते: मामाची मुलगी करण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. रक्ताच्या नात्यात लग्न झालं की दोन्हीकडून एकच सदोष जनुक मुलाकडे येण्याची आणि मूल जन्मतः बहिरं असण्याची शक्यता वाढते. एका मुलाला ऐकू येत नसेल तर पुढच्या बाळंतपणाआधी डॉक्टरांशी बोला. यात कुणाच्या सुनेचा पायगुण नाही की कुणाचा शाप नाही. हा दोष बाईच्या माथी मारलेला मी पाहिला आहे आणि ते पाहताना फार राग येतो.

तरुणांसाठी फोनचा दुसराही एक उपयोग आहे, आवाजाची पातळी मोजण्याचा. आठवड्याला चाळीस तास ऐकलं तरी चालेल अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनेने ८० डेसिबल धरली आहे. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९०वर गेलं की आठवड्याचे चार तास, १००ला वीस-पंचवीस मिनिटं. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे, आणि मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर आवाज शंभराच्या पुढे सहज जातो. डीजेपुढे नाचून आलेल्या पोराच्या कानात रात्रभर किणकिण वाजते, सकाळी थांबते, म्हणून तो विसरतो. ती किणकिण म्हणजे पेशींना झालेली इजा. लातूरमध्ये शिकवणीसाठी आलेली हजारो मुलं खोलीत इअरफोन लावून रेकॉर्ड केलेली व्याख्यानं तासन्‌तास ऐकतात, शेजारच्या खोलीतला गोंगाट दाबायला आवाज वाढवतात. जिनिंगमध्ये, डाळ मिलमध्ये, मळणी यंत्रावर उभे असणाऱ्यांना तर कुणी कानात घालायला बोळासुद्धा देत नाही. नांदेडला उस्मानशाही ही कापड मिल होती, ती बंद पडली. तिथल्यासारख्या मागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्यांचे कान चार हजार हर्ट्झपाशी आधी खचतात, हे जगभरच्या कापड गिरण्यांत दिसलेलं आहे. हे खचणं सुरुवातीला आकड्यांच्या चाचणीत दिसत नाही. म्हणून गोंगाटात काम करणाऱ्याने ॲपमध्ये पास झाल्यावरही वर्षाला एकदा ऑडिओमेट्री करून घ्यावी.

समजा, चाचणी नापास झाली. मग कुठे जायचं? नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. दोन्हींकडे कान-नाक-घसा विभाग आहे. पुढच्या मोठ्या गरजेसाठी मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणाच्या दोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, १९८३ची.  

तिथे पोहोचल्यावर दोन गैरसमज आडवे येतात. एक सरकारी मोजमापाचा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांची पातळी साठ डेसिबलच्या पुढे गेली की माणूस ऐकण्याच्या दृष्टीने दिव्यांग ठरतो. त्यासाठी लागणारा आलेख वैद्यकीय मंडळासमोरच निघतो. ॲपचं प्रिंट तिथे चालत नाही. पण जगणं अवघड व्हायला साठची वाट पाहावी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत वीसपासूनच सौम्य दोष सुरू होतो आणि पस्तीसच्या पुढे मदतीची गरज मानली जाते. प्रमाणपत्र मिळत नाही म्हणजे कान ठीक आहेत, असं समजून परत गेलेली माणसं मी पाहते. या वीस ते साठमधल्या माणसांसाठीच फोनची चाळणी सगळ्यात उपयोगी आहे, कारण त्यांना दुसरं कुणीच मोजत नाही.

दुसरा गैरसमज मशीनचा. ‘मशीन लावली की लोक बहिरा म्हणतील.’ न ऐकता भलतंच उत्तर दिलं की लोक त्याहून वाईट म्हणतात, हे मी समोर बसलेल्या माणसाला सांगत नाही. त्याला ते माहीत असतं. मी त्याला डिमेन्शियाविषयी, म्हणजे स्मृतिभ्रंशाविषयी सांगते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शियाविषयीच्या आयोगाने २०१७पासून प्रत्येक अहवालात, २०२४च्याही, टाळता येण्याजोग्या कारणांत श्रवणदोष ठळकपणे धरला आहे. ऐकू येईना की माणूस बोलणं सोडतो, बैठकीतून उठतो, ओसरीवर एकटा बसतो, आणि मेंदूचं काम कमी होत जातं. रस्त्यावर हजार रुपयांना मिळणारं आवाज वाढवायचं यंत्र मात्र कुणी घेऊ नये. ते सगळेच आवाज सरसकट मोठे करतं, भांड्यांचा खणखणाटही, आणि दोन दिवसांत कपाटात जातं. मग ‘मशीनचा काही उपयोग नाही’ असं घरभर ठरतं. खरं श्रवणयंत्र आलेख बघून, ज्या पट्टीत कमी आहे तिथेच जुळवलेलं असतं, आणि ते सवयीचं व्हायला काही आठवडे लागतात.

बायकांविषयी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. माझ्याकडे घरच्यांनी आणलेले बहुतेक पुरुष असतात. बाई येते ती फार उशिरा, बऱ्याचदा नातीचं लग्न ठरल्यावर, ‘मांडवात बरं दिसत नाही’ म्हणून. तिचं न ऐकणं घराला अडत नाही असं घर समजतं. मोबाइल आता मुलाच्या, सुनेच्या हातात आहे. पहिली चाचणी आजीची करा.

निकाल आला की तो जपून ठेवा. स्क्रीनशॉट काढा, तारीख आणि इअरफोन कुठला ते लिहा, सहा महिन्यांनी त्याच जोडीवर पुन्हा करा. पहिल्यापेक्षा घसरण दिसली तर निकाल ‘ठीक’ असला तरी या. येताना तो फोन आणि तोच इअरफोन घेऊन या, आम्हाला ताडून बघता येतं.

शेवटी एक मागणी, आणि ती या सभागृहातल्या विद्यापीठाच्या, वैद्यकीय महाविद्यालयांच्या, आकाशवाणीच्या मंडळींपुढे. आपल्याला आपल्या बोलीतली आकड्यांची चाचणी हवी आहे. इंग्रजी आकडे शहरात चालतात, फोन नंबर आपण सगळे ‘नाईन एट’ असेच सांगतो. पण मुखेड-जळकोटच्या आजींना ते चालत नाहीत. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आहे, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, नांदेडच्या बाजारात दखनी. मराठीत तर आकड्यांची गंमत अशी की चार, पाच, सात, आठ या चारही आकड्यांचा गाभा एकच, ‘आ’. व्यंजन निसटलं की चारही सारखेच ऐकू येतात, आणि ‘सहा’चा शेवटही त्याच स्वरावर. उंच पट्टीचा दोष पकडायला हे चार आकडे फार चांगले आहेत. पण म्हणूनच इंग्रजी चाचणी उचलून मराठीत घालता येणार नाही; कोणता आकडा गोंगाटात किती सहज कळतो हे आधी निरोगी कानांवर मोजून, प्रत्येकाची पातळी जुळवून घ्यावी लागेल. पार्श्वभूमीचा गोंगाटही त्याच आवाजातून, त्याच ध्वनिवर्णपटाचा बनवावा लागतो. हे काम डोंगराएवढं नाही. नांदेड आकाशवाणीचा स्टुडिओ आहे, मराठवाड्यात वाढलेला एक स्वच्छ आवाज हवा, शून्य ते नऊ असे दहा आकडे, दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांतले शंभरेक निरोगी तरुण कान आणि स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातला एखादा संगणक विभाग. तयार झाल्यावर ती गावोगावच्या आशा स्वयंसेविकांच्या फोनवर मोफत जावी, आणि नापास झालेल्या माणसाला त्याच संदेशात जवळच्या ओपीडीचा वार आणि वेळ मिळावी. शून्य ते नऊ बोलायला स्टुडिओत अर्धा तास पुरतो. येत्या ३ मार्चच्या, म्हणजे जागतिक श्रवण दिनाच्या आत ते रेकॉर्डिंग व्हावं, अशी माझी विनंती आहे.